लेखन स्पर्धा, रविवारचा कट्टा आणि २७ फेब्रुवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत सूचना फलकावर लेखन स्पर्धेचा कागद लागला, की ऑफिसच्या खिडकीशी तेच ते प्रश्न सुरू होतात. खिडकीतल्या मावशी गेल्या वर्षी वैतागून म्हणाल्या, "मॅडम, एकदाच काय ते लिहून लावा, मला फीच्या पावत्या फाडू द्या." त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून हे लिहिलं. प्रश्न तुमचेच आहेत, विचारले गेले तसेच ठेवलेत. उत्तरं माझी, म्हणजे हे सगळं सांभाळणाऱ्या मराठीच्या बाईंची.

मी इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला आहे. दहावीनंतर मराठीशी संबंध आला नाही. मला भाग घेता येईल का?

तुमच्यासाठीच तर स्पर्धा आहे. आपलं कम्युनिटी कॉलेज. इथे बी. ए. मराठीचा वर्गच नाही. वायरिंग आहे, रुग्णसेवा आहे, टॅली, शिवण आणि बेकरी आहे. यंदाची पावती ज्याच्याकडे आहे तो पात्र, मग कोर्स तीन महिन्यांचा का असेना. पास होऊन गेलेल्यांना स्पर्धेत उतरता येत नाही, कट्ट्याला मात्र कधीही यावं.

लिहिणं हे शिकल्यासवरल्यांचं काम, असं मनात असेल तर आपल्याच जिल्ह्यात नजर टाका. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ साली त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाने मराठी कथेला हादरा दिला, तेव्हा त्यांच्या गाठीशी प्राध्यापकी नव्हती, वस्तीतलं जगणं होतं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांना वाचायला-लिहायला आलं तेच मोठेपणी, आणि त्यांची गाणी आजही १४ एप्रिलला गल्लोगल्ली वाजतात.

माझं वय ४६ आहे, मुलगी इंजिनीअरिंगला आहे. पोरांच्यात बसून कविता वाचायची म्हणजे कसं दिसेल?

छान दिसेल. वयाची अट नाही. मुलीलाही घेऊन या.

वर्षभरात नेमकं काय काय असतं?

महिन्यातून दोन रविवारी सकाळी कट्टा भरतो. ज्याने जे लिहिलं असेल ते त्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग बोलायचं. जिन्याखालच्या भिंतीवर दर महिन्याला भित्तिपत्रक लागतं. ते हाताने लिहितात, त्यामुळे ज्यांचं अक्षर चांगलं त्यांना आम्ही सोडत नाही. श्रावणात काव्यवाचन. डिसेंबरअखेर कथा, कविता आणि ललित लेख या तीन गटांचं लेखन जमा करायचं. निकाल २७ फेब्रुवारीला. निवडक लेखन वार्षिकांकात येतं, आणि वार्षिकांक कधी येतो हे विचारू नका, छापखान्याची आणि आमची दर वर्षी एकच बोलणी होतात.

मे महिन्यात आपलं काही नसतं, पण तेव्हा गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी मोकळ्यावर बसून ऐकायचं, प्रवेश फुकट. बोलणारा माणूस एखादा मुद्दा कसा बांधत नेतो, हे तिथे कळतं. कधीकधी कसा बांधू नये, हेही कळतं.

निकाल २७ फेब्रुवारीलाच का? मराठी भाषा दिन तर १ मेला असतो ना?

दरवर्षी हा घोळ होतो. १ मे हा मराठी राजभाषा दिन, महाराष्ट्र दिनाबरोबर येणारा. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. विष्णू वामन शिरवाडकरांचा जन्म १९१२ चा, पुण्यातला. पण आयुष्याचा मोठा काळ गेला तो नाशकात आणि १० मार्च १९९९ ला ते गेले तेही इथेच. १९८७ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, गावात राहून निकाल दुसऱ्या दिवशी लावायचा म्हणजे आम्हालाच बरं वाटलं नसतं. शिवाय त्या दिवशी सगळीकडे 'लाभले आम्हास भाग्य'ची रेकॉर्ड लावून लोक मोकळे होतात. आपण त्या दिवशी निदान वीस-पंचवीस नव्या माणसांनी लिहिलेलं वाचून दाखवतो.

मी कळवणची आहे, घरी अहिराणी बोलतो. अहिराणीत लिहिलेलं चालतं का?

चालतं. नुसतं चालतं असं नाही, आम्ही त्याची वाट पाहत असतो.

आपल्या कॉलेजात मालेगाव, सटाणा, देवळा, कळवणकडून येणाऱ्यांची अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडच्यांची कोकणी (गोव्याची नव्हे, तिकडच्या आदिवासींची) आहे, निफाड-येवल्याच्या मराठीचा हेल वेगळा आणि जुन्या नाशकातल्या गल्ल्यांचा वेगळा. हे सगळं घरी ठेवून पुस्तकी मराठीत लिहायला बसलात, की लेखन शाळेच्या निबंधासारखं होतं. एका विद्यार्थिनीने आईवर लिहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात आई 'मुली, इकडे ये' असं म्हणत होती. मी विचारलं, आई खरंच असं म्हणते? ती हसली. तिच्या आईच्या तोंडी 'आंडेर' होतं. तो शब्द परत आला तशी आईही लेखात परत आली.

तीन वाटा आहेत. सगळंच बोलीत लिहा; किंवा निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत; किंवा मिसळून. कोणत्याही वाटेला गुण कमी नाहीत. अट एकच: परीक्षकाला ती बोली येत नसेल तर अडेल अशा दहा-बारा शब्दांचे अर्थ शेवटी द्या, आणि एकदा घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. बोली 'गमतीदार' वाटावी म्हणून तिची नक्कल करणाऱ्यांचे गुण मात्र आम्ही कापतो. गावची बोली बोलणारं पात्र म्हणजे विनोदी पात्र, हा हिशेब टीव्हीवर चालतो, इथे नाही.

आणि कोणी 'बोलीत लिहिलेलं साहित्य नसतं' म्हणालं तर बहिणाबाई चौधरींचं नाव सांगा. त्यांना लिहिता येत नव्हतं. ऐकलेल्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवल्या, म्हणून त्या गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक निघू शकलं.

मग माझ्या आजीने सांगितलेलं मी उतरवून दिलं तर?

द्या, पण तुमचं म्हणून नव्हे. वर स्पष्ट लिहा: सांगणार आजी, लिहिणार नात. ललित लेखाच्या गटात घेतो. जात्यावरची ओवी आजीने तिच्या आजीकडून उचललेली असेल तर तेही लिहा. ती कोणा एकीची नसते.

शब्दमर्यादा किती?

कथा २००० शब्दांपर्यंत, ललित १२०० पर्यंत, कविता एक, फार तर ४० ओळी. पन्नास-शंभर शब्द जास्त झाले म्हणून कोणी बाद होत नाही. कमी झाले तर आनंदच.

हाताने लिहायचं की टाइप करायचं?

दोन्ही चालेल. हाताने लिहिणार असाल तर पानाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून. टाइप करणार असाल तर युनिकोडमध्ये करा. बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात करून आणलेली फाईल आमच्या कॉम्प्युटरवर उघडली की 'çkFkZuk' छापाची किडे-मुंग्यांची रांग दिसते. मग तुम्हाला फोन, तुमचा फोन बंद, सगळी धावपळ.

मोबाइलवर टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' या शब्दांतला ऱ्य बऱ्याच जणांकडून 'र्या' होतो, आणि सुऱ्यांची सूर्यांशी गल्लत होते. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ वेगळा असतो. तो घ्या, मग हलन्त, मग य. बोलून टाइप करण्याची सोय उत्तम आहे, शिफ्टवरून येताना बसमध्ये सुचलेलं पकडायला तर फारच. पण तो फोन पूर्णविराम देत नाही आणि गावांची नावं मनाने बदलतो. एका कथेत नायिका वणीला निघाली होती आणि पोचली राणीला.

शुद्धलेखनाचे गुण कापता का?

नाही. निवड झाल्यावर छापण्याआधी आम्ही सोबत बसून दुरुस्त करतो. तरीही मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ असतात (कवी, गुरू, पाणी, वस्तू) आणि 'आणि', 'नि', 'परंतु' हे त्याला अपवाद, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. चूक असायला हरकत नाही, पण एकाच पानावर तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला असेल तर तुम्ही परत वाचलेलं नाही हे दिसतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

विषय कोणता असतो? मला तर काही सुचतच नाही.

विषय आम्ही देत नाही. आधी द्यायचो. 'पाऊस' दिला की साठ कवितांत मातीचा सुगंध, चातक आणि भिजलेली ती. साठांतल्या एकातही नाशिकचा पाऊस नव्हता. नाशिकचा पाऊस म्हणजे काय? गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकमेकांना विचारतं, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' पाणी गोदाघाटावरच्या त्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून आपण पुराचा अंदाज बांधतो. भांडीबाजार आणि सराफबाजारातली दुकानं त्याच्याकडे बघून माल वर चढवतात. जगात दुसरं कोणतं शहर एका मारुतीवर पूर मोजत असेल मला माहीत नाही, आणि ही गोष्ट साठ नाशिककरांना लिहावीशी वाटली नाही. का? कारण ती रोजची आहे, आणि रोजचं ते साहित्य नसतं, असं कुठेतरी आपल्याला शिकवलं गेलंय.

तेव्हा 'सुचत नाही' याचा अर्थ बहुधा 'मला जे माहीत आहे ते लिहिण्याजोगं वाटत नाही' एवढाच असतो. कट्ट्यावर मी नवीन आलेल्यांना एक काम देते. काल दिवसभरात हाताने काय काय केलं, त्यातली एक गोष्ट निवडायची आणि ती न पाहिलेल्या माणसाला कळेल अशी लिहायची. भावना नको, उपमा नको. सातपूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने नाइट शिफ्टला मशीनचा आवाज बदलला की झोप कशी उडते ते लिहिलं. एकीने द्राक्षांची विरळणी लिहिली: घडातले कोणते मणी कात्रीने काढायचे, कोणते ठेवायचे आणि संध्याकाळी मान कशी वळत नाही. बाग दुसऱ्याची होती हे तिने शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगितलं. आमच्या अंगावर काटा आला. तिला वाटत होतं की लेख अजून सुरूच झालेला नाही.

तुम्हाला काय काय माहीत आहे, त्याची नुसती यादी करा. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पुकारला जातो तेव्हा बापाचा चेहरा. रुग्णालयात रात्रपाळीला पेशंटची कूस बदलणं. २०१५ च्या सिंहस्थात घरापुढचा रस्ता बंद असतानाचे दिवस. सिडकोतल्या घरावर चढवलेला मजला आणि त्यावरून झालेलं भांडण. हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

कल्पनेतलं लिहिलेलं चालतच नाही का मग? मला विज्ञानकथा लिहायची आहे.

चालतं की. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. विज्ञानकथा लिहिणारे शास्त्रज्ञ. फक्त परग्रहावर नेलेल्या नायकालाही भूक लागते आणि त्याच्याही घरी कोणीतरी रागावलेलं असतं, हे विसरू नका.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांना एक विनंती. कल्पना मोकळी, तारखा नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला. एका कथेत सत्याग्रहाच्या पहिल्याच दिवशी सत्याग्रही धो धो पावसात भिजत उभे होते. प्रसंग चांगला रंगवला होता, पण परीक्षकांचं मन तिथून उडालं ते उडालंच.

कवितेला यमक लागतंच का?

नाही. मुक्तछंद चालतो. पण गद्याच्या ओळी मध्येच तोडून एकाखाली एक लावल्या की मुक्तछंद होतो, हे मात्र खरं नाही. तुमची कविता सलग परिच्छेदासारखी लिहून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर ती ललित लेखाच्या गटात द्या.

गझल पाठवणार असाल तर तिचे नियम पाळावे लागतात. सगळ्या शेरांना, म्हणजे दोन-दोन ओळींच्या जोड्यांना, एकच वृत्त हवं, पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द) हवेत, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहायला हवा. सुरेश भटांनी नवशिक्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली आहे. छोटीशी आहे, एका बैठकीत होते. ती न वाचता पाठवलेल्या 'गझला' आम्ही प्रेमाने कवितेच्या गटात टाकतो. गाणं, पोवाडा, भारूड, रॅप, सगळं कवितेतच येतं, आणि ते म्हणून दाखवायची मुभा आहे.

माझ्या सुपरवायझरवर कथा लिहिली आहे. अडचण येईल का?

नाव, कंपनी आणि ओळख पटेल असं दिसणं बदला. सुपरवायझर डाव्या पायाने लंगडत असेल तर कथेतला लंगडू नये. घरच्यांवर लिहिताना तर जास्तच जपा. वार्षिकांक घरी जातो, मामांच्याही हाती पडतो, आणि दिवाळीत तुम्हालाच मामांच्या समोर बसायचं असतं. टोपणनावाने छापायची सोय आहे. खरं नाव फक्त माझ्या वहीत राहील.

एआयकडून लिहून घेतलेलं चालेल का? निदान दुरुस्तीपुरतं?

एखाद्या शब्दाचं शुद्धलेखन विचारलंत तर हरकत नाही. लिहून घेतलेलं चालणार नाही. आम्ही पकडण्याची यंत्रं वापरत नाही, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. निवडलेल्या लेखकाला कट्ट्यावर बोलावतो आणि गप्पा मारतो: हे वाक्य कुठून आलं, आधी काय होतं, कोणता भाग काढून टाकला? ज्याने लिहिलंय तो यावर अर्धा तास बोलतो, थांबवावं लागतं. म्हणूनच कच्चे खर्डे फेकू नका, सोबत जोडा. तेलाचे डाग पडलेले असले तरी.

कोणी कॉपी केलेलं दिलं तर?

झालंय तसं. एका वर्षी पहिलं बक्षीस मिळालेली कविता एका जुन्या दिवाळी अंकातली निघाली. भित्तिपत्रकावर लावल्यावर रद्दीत अंक वाचणाऱ्या आमच्याच शिपाईकाकांनी ती ओळखली. चूक मुलाची होती, पण वाचन कमी पडलं ते माझं आणि परीक्षकांचं. बक्षीस परत घेतलं, गाजावाजा केला नाही. तो मुलगा पुढच्या वर्षी स्वतःची कविता घेऊन आला. ती तितकी चांगली नव्हती, पण त्याची होती. नियम असा: चोरी सिद्ध झाली तर त्या वर्षापुरतं बाद, कायमचं नाही.

परीक्षक कोण असतात? ओळखीच्यांना नंबर देतात असं ऐकलं.

ऐकू येतं मलाही. पद्धत सांगते. लेखनावर कुठेही नाव लिहायचं नाही. नाव वेगळ्या चिठ्ठीवर, पाकिटात. ऑफिसात प्रत्येक पाकिटाला आकडा मिळतो आणि परीक्षकांकडे फक्त आकडा जातो. दोघे परीक्षक बाहेरचे, एकमेकांचे गुण न पाहता वाचणारे. दोघांच्या गुणांत फार अंतर पडलं तर तिसरा वाचतो. मी गुण देत नाही, कारण निम्मे खर्डे मी कट्ट्यावर ऐकलेले असतात आणि तुमची अक्षरंही मला ओळखू येतात.

नावाचं ओझं नको, ही कल्पना काही आमची नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली आली. जगताप म्हणजे वर सांगितलेले जयंत विष्णू नारळीकरच. आद्याक्षरं उलटी केलेली. एवढ्या मोठ्या माणसाला नाव बाजूला ठेवून स्पर्धेत उतरावंसं वाटलं, तर आपण कशाला ओळख लावायची?

बक्षीस काय आहे? प्रवेश फी किती?

फी नाही. बक्षीस थोडी रोख रक्कम आणि पुस्तकं. पुस्तक तुम्ही निवडायचं, आम्ही नाही. ट्रॉफी बंद केली. ती घरी टीव्हीवर धूळ खाते आणि तिच्या किमतीत तीन पुस्तकं येतात.

फीवरून आठवलं. फोनवर 'राज्यस्तरीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांचे मेसेज येतात: इतके रुपये भरा, सन्मानपत्र मिळेल, प्रातिनिधिक काव्यसंग्रहात कविता छापू, पाच प्रती घ्याव्या लागतील. पैसे भरलेल्या सगळ्यांचीच कविता निवडली जाणार असेल, तर ती स्पर्धा नाही, छपाईचं दुकान आहे. दुकान असायला हरकत नाही, पण आपण गिऱ्हाईक आहोत हे माहीत असावं. आपली एक मुलगी पहिल्या पगारातले पैसे अशा ठिकाणी घालवून बसली, म्हणून जरा कडक शब्दांत सांगितलं.

छापलेल्या कथेवर हक्क कोणाचा? कॉलेजचा?

तुमचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, कुठे नोंदवावा लागत नाही, आणि तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. आम्ही तुमच्याकडून सहीनिशी एवढंच लिहून घेतो की वार्षिकांकात एकदा छापायला परवानगी आहे. नंतर ती कथा दिवाळी अंकाला द्या, एकांकिका करा, तुमची मर्जी. पुढे कोणी हक्काच्या कागदावर सही मागितली तर किती वर्षांसाठी आणि कशासाठी, हे त्यात वाचल्याशिवाय सही करू नका. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हे अनेकांना माहीत नसतं.

आधी व्हॉट्सअॅपवर टाकलेली कविता चालेल का?

स्टेटसला टाकलेली चालेल. छापून आलेली नाही.

स्टेजवर गेल्यावर माझे पाय कापतात. काव्यवाचन कसं करू?

कागद जाड घ्या. पातळ कागद थरथरतो आणि तो थरथरलेला दिसला की आपण आणखी घाबरतो. पुठ्ठ्याच्या वहीवर ठेवून वाचा. कविता वाचण्याआधी ती कशी सुचली हे सांगू नका, त्यातच निम्मा दम जातो. ओळ संपली की थांबा, मनातल्या मनात एक मोजा, पुढे जा. टाळ्यांसाठी थांबू नका, त्या येतात किंवा येत नाहीत. पहिल्या खेपेला बसून वाचायची परवानगी सगळ्यांना आहे.

माझी सेकंड शिफ्ट असते. रविवारी ओव्हरटाइम लागला तर कट्टा बुडतो. मग?

लिहिलेलं ऑफिसच्या खिडकीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत टाका किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आम्ही कट्ट्यावर ते ऐकतो आणि काय बोललं गेलं ते तुम्हाला परत पाठवतो. कट्टा अकराला संपवतो, म्हणजे सिन्नर-दिंडोरीकडच्यांना दुपारची एसटी मिळते. उशिरा आलात तरी आत या. दार वाजवायचं नाही, कोणीतरी वाचत असतं.

वाचायला पुस्तकं कुठे मिळतील? आपल्या लायब्ररीत सगळी मॅन्युअलं आहेत.

खरं आहे, आणि त्याची लाज मला वाटते, तुम्हाला नको. कट्ट्याच्या कपाटात शे-दीडशे पुस्तकं आहेत. वहीत नाव लिहून न्या. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४० पासूनचं आहे. तिथे एकदा तरी जाऊन या. गंगापूर रोडला कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, तिथेही ग्रंथालय आहे आणि कार्यक्रम होत असतात. रविवारी रस्त्यावर जुनी पुस्तकं दिसली तर चाळा. आमचे शिपाईकाका रद्दीतूनच वाचतात आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वाचतात, हे वर आलंच आहे.

नंबर आला नाही तर का नाही आला ते कळेल का?

कळेल. प्रत्येक लेखनासोबत परीक्षकांच्या चार ओळी परत येतात. 'छान प्रयत्न' असं लिहायला त्यांना बंदी आहे. काय जमलं, कुठे वाचणारा अडखळला, काय काढता येईल, एवढं हवं. पटलं नाही तर कट्ट्यावर भांडायला या. गुण बदलत नाहीत, पण तुमचं म्हणणं ऐकून परीक्षकांनी 'आम्ही हे नीट वाचलं नव्हतं' असं कबूल केल्याचं दोनदा झालंय.

माझी वही परत मिळेल का? त्यात बाकीच्या कविताही आहेत.

अख्खी वही देऊ नका. एका वर्षी घर बदलताना माझ्याकडून एका मुलाची वही गहाळ झाली. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्याने चार कविता आठवून परत लिहिल्या, बाकीच्या गेल्या, आणि तो मला अजूनही हसून बोलतो, तेच जड जातं. तेव्हापासून आम्ही झेरॉक्सच घेतो. झेरॉक्सचे पैसे मावशी देतात, पावती दाखवा. त्याआधीच्या सात वह्या अजून कट्ट्याच्या कपाटात आहेत. त्यातल्या निळ्या पुठ्ठ्याच्या, आत एसटीचा पास ठेवलेल्या वहीवर नाव नाही. शेवटच्या पानावर अर्धी कविता आहे, विहिरीवरची. ज्याची असेल त्याने घेऊन जावी.